रातव्याची पिसं

आयुष्यात मी एकदाच न्यायाधीश झालो. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. मेलेला होता एक रातवा, आरोपी होती आमच्या घरची मनी मांजर, आणि साक्षीला होतो मी एकटाच. निकालही मीच दिला आणि शिक्षाही मीच अमलात आणली. सगळं मिळून अर्धा दिवस लागला. त्या निकालाचा फेरविचार मात्र मी गेली चाळीसएक वर्षं करतोय.

आमचं गाव माणदेशातलं. वर्षाकाठी वीसएक इंच पाऊस, तोही लहरी. गावाच्या तीन बाजूंना माळ. कुसळी गवत, तरवडाची झुडपं, मधूनच एखादी बोर नाहीतर हिवर, बाकी मुरूम आणि दगड. पाहुणारावळा आला की म्हणायचा, "तुमच्या माळावर काय हाय? काहीच न्हाई." आम्हाला त्याचं हसू यायचं. कारण अंधार पडला की माळ बोलायला लागायचा. खोकड केकाटायचं, टिटवी ओरडायची, ओढ्याच्या दरडीतनं घुबडाचा खोल आवाज यायचा. आणि या सगळ्यांत एक आवाज असा, की शहाबादी फरशीवर काचेची गोटी टाकावी आणि ती आधी मोठ्या, मग लहान लहान उड्या मारत थांबावी. चक्, चक्, चकर्रर. तो रातवा.

रातवा दिवसा दिसत नाही. म्हणजे असतो समोरच, पण दिसत नाही. साळुंकीएवढा पक्षी, अंगावर सगळी मातीची, पाचोळ्याची, वाळल्या गवताची नक्षी. दिवसभर जमिनीला पोट टेकून, डोळ्यांच्या नुसत्या फटी ठेवून बसतो. तुमचा पाय अंगावर पडेपर्यंत हलत नाही. चोच एवढीशी, पण तोंड उघडलं की जबडा कानापर्यंत जातो. रात्री उडता उडता भुंगेरे, पतंग, टोळ त्या जबड्यात गोळा करतो. पाय मात्र अगदी दुबळे. घरटं तो बांधतच नाही. उघड्या मुरमावर दोन अंडी घालायची आणि वर बसून राहायचं, एवढाच त्याचा संसार.

सन १९७८ चा उन्हाळा. शाळू निघाला होता, रानात नुसती धसकटं उरली होती. चैत्रात आबांनी माळाकडच्या पट्टीत नांगर धरला. मी बैलांपुढं होतो. चौथं का पाचवं तास चाललं असताना बैलाच्या पायाखालून काहीतरी भर्रकन उठलं आणि दहा पावलांवर जाऊन पडलं. एक पंख लोंबत होता. मी धरायला धावलो तशी ते फडफडत पुढं सरकलं. आणखी धावलो, आणखी सरकलं. आबा मागनं म्हणाले, "थांब, लेका. ते पाखरू लंगडं न्हाई. तुला लांब न्हेतंय." त्यांनी बैल थांबवले आणि खाली वाकले. धसकटांच्या मधल्या मोकळ्या जागेत दोन अंडी होती. फिकट गुलाबीसर, वर तपकिरी ठिपके.

आबांनी माळकरी माणसाच्या सवयीनं अंड्यांपासून चार हात लांब नांगर उचलला आणि पलीकडं टेकवला. सगळी पट्टी नांगरून झाली तेव्हा काळ्याभोर ढेकळांच्या मधोमध खाटल्याएवढा एक पिवळट तुकडा राहिला होता. त्यावर आमचा रातवा. मला केवढा आनंद झाला! मी शेतातले पांढरे दगड गोळा केले आणि त्या तुकड्याभोवती रिंगण मांडलं. कुणी चुकून पाय देऊ नये म्हणून. रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ मी तिथं जाऊन बघायचो. ढेकळं तुडवून तुडवून बांधापासून रिंगणापर्यंत माझी एक पायवाटच पडली.

नवव्या दिवशी सकाळी गेलो तर अंड्यांवर कोणी नव्हतं. अंडी थंडगार. पंधरा-वीस पावलांवर बांधातल्या एका मोठ्या धोंड्यावर आणि त्याच्याभोवती पिसं पडली होती. पंखांची लांब पिसं, त्यांतल्या काहींवर तो पांढरा ठिपका. आणि धोंड्याशेजारी आमची मनी बसली होती. पुढचा पाय चाटत होती. तिच्या मिशीला एक बारीक पीस चिकटलं होतं.

आता पुराव्याला आणखी काय पाहिजे?

त्याच दिवशी आबा बाजाराला निघाले होते. मी मनीला पोत्यात घातलं, तोंड सुतळीनं बांधलं आणि गाडीत मागच्या बाजूला वैरणीखाली ठेवलं. बाजाराचं गाव आमच्यापासून सात-आठ मैलांवर. आबा बैल सोडेपर्यंत मी पोतं घेऊन बाजाराच्या मागं ओढ्यापलीकडं गेलो आणि तिथं ते मोकळं केलं. मनी बाहेर आली, एकदा माझ्याकडं बघितलं आणि घाणेरीच्या जाळीत शिरली. परत येताना मला चांगलं काम केल्यासारखं वाटत होतं. खुन्याला हद्दपार केलं होतं.

घरात मोडकी कणगी होती. त्या कणगीत मनीची तीन पिल्लं होती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. त्यांचे डोळे उघडले त्या दिवशी मीच सगळ्यांना सांगत फिरलो होतो. पण पोत्याचं तोंड बांधताना ती पिल्लं माझ्या मनात आलीच नाहीत. का आली नाहीत, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. रागाच्या भरात माणूस विसरतो असं म्हणतात. मला वाटतं, विसरत नाही. बघायचं टाळतो.

पहिल्या रात्री पिल्लं ओरडली. दुसऱ्या रात्री जास्त ओरडली. आजी दिवा घेऊन कणगीपाशी बसली. शेळीचं दूध, कापसाची वात, वात भिजवायची आणि पिल्लाच्या तोंडात पिळायची. मला म्हणाली, "मनी कुठं गेली रं? पिल्लं टाकून जानारी न्हाई ती." मी म्हणालो, "मला काय ठावं?" तिसऱ्या दिवशी एक पिल्लू मेलं. चौथ्या दिवशी दुसरं. तेव्हा मी आजीला सगळं सांगितलं. पिसं दाखवली. म्हणालो, "तिनं रातवा मारला, आज्जे. अंडी थंड पडली."

मला वाटलं, आजी मारेल. तिनं मारलं नाही, ओरडलीही नाही. वात दुधात बुडवत राहिली. मग म्हणाली, "पाखराचा न्याय केलास. आता ह्या पिल्लांचा कुनी करायचा?"

थोड्या वेळानं आणखी एक बोलली. "मांजराला पाप लागत न्हाई, बाळा. त्येला कळत न्हाई. तुला कळतंय, म्हनून तुला लागतंय."

रातव्याचा जोडीदार दोन संध्याकाळी त्या पट्टीवर घिरट्या घालून गेला. पुढं तो आवाज त्या बाजूनं आला नाही. अंडी एका सकाळी दिसेनाशी झाली. मुंगसानं नेली असतील. तिसरं पिल्लू जगलं, मोठं झालं, तिलाही आम्ही मनीच म्हणालो. पहिली मनी परत आली नाही. मांजर कोसभरावर सोडलं तरी घरी येतं म्हणतात. मी तिला तेवढ्यासाठीच कोसभरावर सोडलं नव्हतं.

पिसं मी भूगोलाच्या पुस्तकात ठेवली. पुरावा म्हणून.

पुढं मी शिक्षक झालो, बदल्या होत गेल्या, आजी गेली, आबा थकले. एका सुट्टीत घरी असताना पुण्याकडचे एक पक्षी-अभ्यासक आमच्या ओढ्याला आले. दरडीतलं घुबड बघायला. कानावर पिसांची शिंगं असलेलं, कोंबड्याएवढं मोठं घुबड. पुस्तकात त्याला शृंगी घुबड म्हणतात. मी त्यांना वाट दाखवायला गेलो. दरडीतल्या कपारीखाली राखाडी रंगाचे, अंगठ्याएवढे गोळे पडले होते. न पचलेली हाडं, केस, पिसं घुबड असं गोळा करून तोंडावाटे टाकतं. त्यांनी एकेक गोळा फोडून दाखवला. उंदरांच्या कवट्या, घुशीचे दात, आणि एका गोळ्यात पक्ष्याची हाडं. ते म्हणाले, "उंदीर मुख्य, पण जमिनीवरचे पक्षीही खातं. रातवासुद्धा. रातवा दिवसा दिसत नाही हे खरं, पण रात्री तो उडतो, ओरडतो. तेव्हा घुबडाला तो दिसतोही आणि ऐकूही येतो."

त्या दिवशी मला कळलं की रातव्याचं सोंग हे दिवसापुरतं आहे. दिवसा ससाणा आणि शिक्रा डोळ्यांनी शोधतात, त्यांच्यापुढं निपचित बसणं उपयोगाचं. पण तेच बसणं रात्री अंड्यांवर असताना उलटतं. खोकड आणि कोल्हा वासावर येतात, रानमांजर कानोसा घेत येतं. नाकाला मातीची नक्षी दिसत नाही. साप सरपटत येतो, तो बहुतेक अंड्यांवर, पिल्लांवर. आणि घुबड वरून येतं, पंखांचा आवाजही न करता. ज्या गुणानं जीव वाचतो त्याच गुणानं तो जातोही. फक्त शत्रू बदलायची खोटी.

बोलता बोलता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. शिकार झालेल्या पक्ष्याची पिसं सापडली तर ती कुणी काढली हे पुष्कळदा पिसाच्या देठावरून सांगता येतं. घुबड किंवा ससाणा चोचीनं पीस उपटतो, त्यामुळे देठ टोकापर्यंत शाबूत राहतो. मांजर, कोल्हा, खोकड दातांनी तोडतात. त्यांनी काढलेल्या पिसांचे देठ चावलेले, तुटलेले असतात. आणि शिकारी पक्षी बऱ्याच वेळा एखाद्या दगडावर किंवा खुंटावर बसून पिसं काढतो.

बांधातला धोंडा माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला.

घरी आलो. माळ्यावरची ट्रंक काढली. भूगोलाचं पुस्तक होतं, पिसंही होती. कसरीनं कडा कुरतडल्या होत्या, रंग उडाला होता. मी ती एकेक करून उजेडात धरली. अकरा पिसं. अकराही देठ टोकापर्यंत शाबूत.

मी पुष्कळ वेळ तसाच बसून राहिलो.

मनीनं काय केलं असेल? पहाटे रानात गेली असेल, घुबडानं टाकलेलं उरलंसुरलं हुंगलं असेल, चाटलं असेल. तेवढ्यात मी आलो. अर्थात पिसांच्या देठांवरून सगळंच सिद्ध होतं असं नाही. मनीनंच रातवा धरला आणि ही पिसं झटापटीत गळाली असंही असू शकेल. फाशी द्यायला हा पुरावा पुरणार नाही. पण सोडून द्यायला नक्की पुरला असता.

आता खरा प्रश्न. समजा मनीनंच मारला असता, तर माझा निकाल बरोबर ठरला असता का? आणि घुबडानं मारला हे कळल्यावर मला घुबडाचा राग का आला नाही?

राग आला नाही हे खरं. कपारीतल्या त्या घुबडाकडं मी त्याच दिवशी कौतुकानं बघत होतो. पिवळ्याजर्द डोळ्यांनी तेही माझ्याकडं बघत होतं. मग मनीचाच राग का? मला वाटतं, मनी आमची होती म्हणून. तिला दूध मी घालत होतो. ज्याला आपण खायला घालतो त्यानं आपल्या मनासारखं वागावं, आपल्याला जे प्रिय ते त्यानंही प्रिय मानावं, अशी आपली समजूत असते. घुबडानं मारलं तर ती रानातली गोष्ट. मांजरीनं मारलं तर ती फितुरी. पण मनीनं कधी तसा शब्द दिला नव्हता. करार मी एकट्यानंच केला होता, आणि मोडला म्हणून शिक्षा तिला.

आमच्याकडं म्हणतात, जीवावर जीव जगतो. आजी त्याच्यापुढं आपलं एक जोडायची, "खाल्लं तर पाप न्हाई. मारून टाकलं तर पाप." मला हे पुष्कळ वर्षं पुरेसं वाटायचं. भुकेपोटी मारणं क्षम्य, उगाच मारणं पाप. पण नीट बघितलं तर तेवढ्यानं भागत नाही. पोट भरलेलं मांजरही उंदराशी खेळून त्याला मारतं आणि टाकून देतं. खुराड्यात शिरलेलं खोकड एक कोंबडी नेतं आणि चार मारून ठेवतं. त्यांना पापी म्हणायचं का? तिथं आजीचंच दुसरं वाक्य खरं ठरतं. दुसरं काही करणं ज्याच्या हातात नाही, त्याला दोष लावता येत नाही. मांजराच्या हातात ते नव्हतं. माझ्या हातात होतं. मी थांबू शकलो असतो, विचारू शकलो असतो, कणगीकडं एकदा बघू शकलो असतो.

पण मांजर निर्दोष ठरलं म्हणजे खटला मिटला, असंही नाही. घुबड आणि मांजर यांत एक फरक आहे, आणि तो त्यांच्या स्वभावात नाही. घुबडाचा हिशोब माळ ठेवतो. उंदीर, पाखरं कमी झाली की घुबडाची पिल्लं कमी जगतात, मग पाखरांना उसंत मिळते. मांजराचा हिशोब माळाकडं नसतो, तो आमच्या चुलीकडं असतो. रानातली सगळी पाखरं संपली तरी मनीला संध्याकाळी दूधभाकरी मिळणारच. म्हणजे एका घरात चार मांजरं असली तर ती माळाच्या जिवावर नव्हे, आमच्या जिवावर असतात, आणि शिकार मात्र माळावर करतात. मांजर बिनपापी असेल, पण तिला पोसणारा तसा सुटत नाही. तिच्या नावावरचं पाप, असलंच तर, आमच्या खात्यावर लिहायला पाहिजे.

याचं मोठं उदाहरण मी नंतर वाचलं. न्यूझीलंडमध्ये काकापो नावाचा पोपट आहे. पोपट, पण उडता न येणारा; रात्री हिंडणारा, जमिनीवर बिळासारख्या खोलगट जागेत अंडी घालणारा. धोका वाटला की जागच्या जागी गोठून उभा राहायचं, हे त्याचं संरक्षण. त्या मुलुखात वटवाघळं सोडली तर जमिनीवर सस्तन प्राणी नव्हतेच. शत्रू म्हणजे आकाशातून डोळ्यांनी शोधणारे पक्षी. त्यांच्यापुढं गोठून उभं राहणं शहाणपणाचं होतं. माणूस आला, त्याच्याबरोबर उंदीर, कुत्री, मांजरं, पुढं स्टोट नावाचा मुंगसासारखा प्राणी आला. वास घेत येणाऱ्यापुढं गोठून उभं राहणं म्हणजे स्वतःला ताटात वाढणं. १९८० च्या सुमारास स्ट्युअर्ट नावाच्या बेटावर मांजरं मोठ्या काकापोंना मारताना आढळली. मग तिथं मांजरांवर नियंत्रण आणलं आणि उरलेले पक्षी मांजर नसलेल्या लहान बेटांवर हलवले. १९९५ साली सगळ्या जगात ५१ काकापो उरले होते. त्यानंतर ते हळूहळू वाढले.

तिथं मांजरं मारली गेली, आणि ती मारली नसती तर तो पक्षी संपला असता. हे वाचताना मी अडलो. तिथल्या माणसांनी जे केलं आणि मी जे केलं, त्यात फरक काय? दोन्हीकडं पाखरू वाचवायला मांजराला शिक्षाच झाली. फरक मला एवढाच दिसला: त्यांनी ते शिक्षा म्हणून केलं नाही. मांजरानं गुन्हा केला असं कोणी म्हणालं नाही. आपल्याच बापजाद्यांनी केलेली चूक निस्तरायचं ते एक वाईट काम होतं, आणि वाईट आहे हे जाणूनच ते करायचं होतं. मी मात्र ते चांगलं काम म्हणून केलं. परतताना माझी छाती फुगलेली होती. मेलेल्या मांजराला हा फरक काही कामाचा नाही, हेही मला कळतं. पण माणसाला तो कामाचा आहे. ज्याला आपण वाईट काम करतोय याचं भान आहे, तो निदान कणगीत बघतो.

आणखी एक रात्र सांगितली पाहिजे. तेव्हा माझी नोकरी दुसऱ्या तालुक्यात होती. शनिवारी शाळा सुटल्यावर मोटारसायकलनं गावी यायचो. नुकताच डांबरी झालेला रस्ता, दिवसभर तापलेला, रात्री उशिरापर्यंत ऊबदार. रातवे अशा रस्त्यावर येऊन बसतात. दिव्याचा झोत पडला की त्यांचे डोळे विस्तवासारखे लाल चमकतात. बहुतेक वेळा अगदी चाकाजवळ आल्यावर उडून जातात. त्या रात्री एक उडाला नाही. म्हणजे उडाला, पण उशिरा. मी थांबलो, मागं आलो. हातात घेतला. अंग गरम होतं. वजन जवळजवळ नाहीच. तोंड उघडं होतं, आत एक पतंग होता, तोही अर्धा जिवंत.

त्या रातव्याला कुणी खाल्लं नाही. मला भूक नव्हती, मोटारसायकलला तर नव्हतीच. आजीच्या हिशोबानं हे सरळ पाप. आणि माझ्या अकराव्या वर्षीच्या कायद्यानं बघायचं तर मला पोत्यात घालून ओढ्यापलीकडं सोडायला हवं होतं. मी पक्षी रस्त्याकडेच्या तरवडाखाली ठेवला आणि घरी येऊन जेवलो. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं परत गेलो. आपला स्वतःचा निकाल देताना आपण किती मऊ असतो!

कधी कधी मला वाटतं, या रातव्याची एक जन्मखूणच आहे, की त्याच्या आजूबाजूला खोटे खटले चालतात. त्याचं शास्त्रीय नाव कॅप्रिमुल्गस, म्हणजे लॅटिनमध्ये शेळ्या पिळणारा. युरोपातल्या धनगरांचा समज होता, की हा पक्षी रात्री येऊन शेळ्यांचं दूध पितो आणि मग त्या शेळ्या आंधळ्या होतात. रोमन ग्रंथकार प्लिनीनं तसं लिहूनही ठेवलं. खरी गोष्ट एवढीच, की जनावरांच्या पायांमागं किडे उठतात आणि ते खायला रातवा येतो. दोन हजार वर्षं झाली, आरोप खोटा ठरला, पण नाव तेच राहिलं. तो शेळ्यांजवळ दिसला म्हणून चोर. मनी पिसांजवळ दिसली म्हणून खुनी. जवळ असणं म्हणजे केलं असणं, हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात सोपा न्याय आहे.

आबा अगदी थकले होते तेव्हा मी त्यांना पिसांच्या देठांची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, मांजरीबद्दल काही बोलतील. ते म्हणाले, "मी त्येच दिवशी म्हनलं हुतं मनात, चुकलं आपलं. सगळं रान काळं, आन् मधी एक पिवळा तुकडा. त्येच्यावर तू पांढरं दगड मांडलंस, वाट पाडलीस. आपनच दाखवलं की रं, हितं पाखरू हाय म्हून."

हे मला कधीच सुचलं नव्हतं. मी खुनी शोधत होतो. मनी, मग घुबड, मग मी शिक्षा देणारा म्हणून. पण त्याच्याही आधी मी राखण करणारा होतो, आणि ती राखणच नडली असावी. सगळी धसकटं तशीच असती तर शेकडो पिवळ्या तुकड्यांत तो रातवा हरवून गेला असता. आम्ही त्याला वेगळा केला. आमची माया खरी होती, त्यात खोट नव्हती. पण माया पुरेशी नसते. ज्याच्यावर करायची तो कसा जगतो, कशानं वाचतो, हे माहीत नसेल तर माया आणि वैर यांचा शेवट एकाच धोंड्यावर होतो.

मग काय, काही करूच नये? तसंही नाही. नांगर घातलाच असता तर अंडी त्याच दिवशी फुटली असती. करायचं, पण आपल्या समाधानासाठी करायचं नाही. मला रोज तीन वेळा अंडी बघायची होती, ती माझी हौस होती. रातव्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

आता मी निवृत्त होऊन गावी आलोय. माळ पूर्वीइतका राहिलेला नाही. काही नांगरला गेला, काहीवर प्लॉट पडलेत. कोंबड्यांच्या शेडमागं टाकलेल्या घाणीवर मोकाट कुत्र्यांची टोळी पोसली जाते आणि रात्री ती टोळी माळ धुंडाळते. ती कुत्रीही बिनपापी आहेत, आणि घाण टाकणारे आम्ही आहोत. ग्रामसभेत दोनदा बोललो. मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात पुराव्यात एवढंच मागणं होतं. एका शेडवाल्यानं ऐकलं, दुसऱ्यानं अजून ऐकलेलं नाही. घरात एक मांजर आहे, पहिल्या मनीच्याच वंशातली. फाल्गुन ते आषाढ ती रात्री कोठीच्या खोलीत बंद असते. पहिले काही दिवस ओरडते, मग निजते.

यंदा नांगरटीला ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, माळाकडच्या पट्टीत मधनंमधनं धसकटाच्या सात-आठ वाकड्यातिकड्या पट्ट्या तशाच सोड. तो म्हणाला, "कशासाठी, गुरुजी? वंगाळ दिसंल." म्हणालो, "दिसू दे." त्या पट्ट्यांपैकी एकीत परवा संध्याकाळी मला रातवा उठताना दिसला होता. कुठल्या, ते मी नातवालाही सांगितलेलं नाही. आणि मी स्वतः तिकडं गेलेलो नाही.

रात्री अंगणात बाज टाकून पडतो. माळाकडनं गोटीच्या उड्या ऐकू येतात, चक्, चक्, चकर्रर. थोड्या वेळानं ओढ्याकडनं घुबड घुमतं. पूर्वी ते घुमलं की माझ्या पोटात कालवायचं. आता दोन्ही आवाज ऐकू आले की बरं वाटतं. एखाद्या रात्री घुबडाचा आवाज येतो आणि त्यानंतर रातव्याचा येत नाही. तेव्हा मी उठून बसतो, बराच वेळ कान देतो. पण बॅटरी घेऊन बघायला जात नाही.